लोखंडी सराटे : शहराकडे येणारा रस्ता शत्रूसाठी कसा बंद करतात?

गेली दोन-तीन वर्षं बातम्यांमध्ये एक चित्र सारखं दिसतंय. पोलंड आणि बाल्टिक देशांच्या पूर्व सीमेजवळ, रस्त्याच्या कडेला, काँक्रीटचे आणि लोखंडाचे विचित्र आकाराचे ठोकळे रचून ठेवलेले. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांनी जानेवारी २०२४ मध्ये मिळून एक संरक्षणरेषा उभारायचं ठरवलं. त्याच वर्षी पोलंडने १० अब्ज झ्लॉटींची 'पूर्व ढाल' ही योजना जाहीर केली. हे वाचून बहुतेकांना पडतो तोच प्रश्न मलाही पडला होता. क्षेपणास्त्रं आणि ड्रोनच्या काळात रस्त्यात धोंडे टाकून काय होणार?

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणाऱ्या माझ्या भाच्याने एक फोटो पाठवला. केनेट आणि एव्हन कालव्याच्या काठी तो रविवारी फिरायला जातो. फोटोत गुडघाभर गवतात एक बुटकी काँक्रीटची खोली होती. भिंतींना शेवाळ धरलेलं, तरी ओतकामाच्या वेळच्या फळ्यांचे वण अजून स्पष्ट दिसत होते. दार मागच्या बाजूला, पुढे खिडकी नाही, फक्त हातभर लांबीची आडवी फट. खाली त्याने लिहिलं होतं, "मामा, आजूबाजूला नुसती शेतं आहेत. ही खोली इथे कोणी आणि कशाला बांधली असेल?"

त्याच्या प्रश्नाचं आणि बातम्यांमधल्या ठोकळ्यांचं उत्तर एकच आहे. ते नीट समजून घ्यायचं तर १९४० सालच्या लंडनपाशी जावं लागतं.

रणगाडा शेतातूनही जातो, मग रस्ता कशाला अडवायचा?

रणगाड्याच्या चाकांवर लोखंडी पट्टे असतात. त्यामुळे तो नांगरटीतून जातो, कुंपण मोडून जातो, उथळ ओढाही ओलांडतो. पण रणगाडा एकटा कधीच निघत नाही. लग्नाचं वऱ्हाड डोळ्यांसमोर आणा. पुढे बुलेटवर निघालेला पोरगा वेळ पडली तर बांधावरूनही गाडी काढेल. मागून येणारी माणसांनी भरलेली बस, आचाऱ्याचा टेम्पो आणि पाण्याचा टँकर यांना मात्र चांगला रस्ताच लागतो. सैन्याचंही तसंच असतं. रणगाड्यांच्या मागे इंधनाचे टँकर, दारूगोळ्याचे ट्रक, दुरुस्तीच्या गाड्या, पायदळ, रुग्णवाहिका अशी लांबलचक रांग असते. रणगाडा शेतातून चालवला की इंधन जास्त जळतं, पट्टे निसटतात, तुटतात. इंधनाचा टँकर मागे अडकला तर पुढचा रणगाडा जिथे असेल तिथे उभा राहतो.

दुसरी गोष्ट वेगाची. १३ मे १९४० रोजी जर्मन सैन्याने फ्रान्समध्ये सेदानजवळ म्यूज नदी ओलांडली आणि २० मे रोजी त्यांचे रणगाडे थेट समुद्राला जाऊन भिडले. अवघा एक आठवडा! फ्रेंच सेनापतींनी नकाशावर रेघ मारून "इथे अडवू" म्हणावं, तोवर जर्मन त्या रेघेच्या पुढे गेलेले असत. हा वेग त्यांना फ्रान्सच्या उत्तम रस्त्यांनी दिला होता. त्याच रस्त्यांवर घरदार सोडून निघालेले लाखो लोक हातगाड्या, सायकली, घोडागाड्या घेऊन चालत होते, त्यामुळे फ्रेंच सैन्याला स्वतःचीच कुमक पुढे नेता येईना.

इंग्लिश खाडीच्या पलीकडे ब्रिटन हे सगळं बघत होतं. डंकर्कहून ४ जूनपर्यंत ३,३८,००० हून अधिक सैनिक बोटींनी परत आणले गेले, पण त्यांच्या जवळपास २,५०० तोफा आणि ६४,००० च्या आसपास वाहनं फ्रान्सच्या मातीवर राहिली. म्हणजे माणसं आली, हत्यारं गेली. जर्मन दक्षिण किनाऱ्यावर उतरले तर त्यांच्या आणि लंडनच्या मध्ये उभं करायला फारसं काही नव्हतं. मग उरलं काय? सिमेंट, रेल्वेचे रूळ, फावडी, आणि भरपूर माणसं.

लंडनभोवतीची कडी

गृहसंरक्षणाची जबाबदारी तेव्हा जनरल आयर्नसाइड यांच्याकडे होती. त्यांनी 'स्टॉप लाइन'ची योजना आखली. स्टॉप लाइन म्हणजे देशाच्या आत नकाशावर आखलेली अशी रेषा, जिथे शत्रूच्या गाड्यांना थबकावं लागेल. या रेषा शक्यतो नदी, कालवा, रेल्वेचा उंच भराव यांच्या काठाने नेल्या, कारण तो अडथळा निसर्गाने किंवा आजोबा-पणजोबांनी आधीच करून ठेवलेला होता. जिथे तसं काही नव्हतं तिथे खंदक खणले. खंदकाची शत्रूकडची बाजू उतरती आणि आपल्याकडची बाजू भिंतीसारखी उभी ठेवत, म्हणजे रणगाडा उतरेल पण चढता यायचा नाही.

यातली सगळ्यात मोठी रेषा पश्चिमेला ब्रिस्टलजवळून निघून लंडनच्या दक्षिणेने पूर्वेकडे जाई आणि मग उत्तरेला वळे. भाच्याचा कालवा याच रेषेत येतो. तिच्या आत लंडनभोवती आणखी कडी होती. सगळ्यात बाहेरचं कडं साधारण तिथून जायचं, जिथून आज लंडनला वळसा घालणारा एम-२५ महामार्ग जातो. आपल्याकडचे किल्ले बघितलेल्या माणसाला ही कल्पना नवी नाही. माची पडली तर बालेकिल्ला लढतो, तसंच हे.

त्या एका उन्हाळ्यात आणि पुढच्या काही महिन्यांत ब्रिटनभर सुमारे २८,००० पिलबॉक्स आणि तशीच पक्की ठाणी बांधली गेली. पिलबॉक्स म्हणजे औषधाच्या गोळ्यांची डबी. आकारावरून पडलेलं नाव. भिंतीतल्या फटीतून आतला सैनिक बंदूक चालवतो. किल्ल्याच्या तटात बंदुकीसाठी ठेवलेल्या तिरक्या भोकांना आपण जंग्या म्हणतो, ती फट म्हणजे जंगीच.

रुळांच्या खोबण्या आणि लोखंडी सराटा

रस्ता अडवायच्या तऱ्हा बऱ्याच होत्या, पण मला दोनच सविस्तर सांगायच्या आहेत, कारण त्यांत खरी हुशारी आहे.

पहिली तऱ्हा ब्रिटिशांची. रस्ता कायमचा बंद केला तर दूधवाला, शाळेची गाडी, आपलंच सैन्य, कुणालाच जाता येणार नाही. म्हणून त्यांनी दोन्ही कडांना काँक्रीटचे ठोकळे घातले. काही घनाकृती, दीड मीटर उंचीचे. मधल्या वाहत्या रस्त्यात ओळीने खोल खोबण्या केल्या आणि त्यांवर झाकणं बसवली. रोजची वाहतूक त्या झाकणांवरून जायची. रूळ रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेले असत. काही सरळ, काही केसांच्या आकड्यासारखे वाकवलेले. इशारा आला की झाकणं काढायची, एकेक रूळ खोबणीत उभा ठोकायचा, आणि थोड्या वेळात रस्त्यावर लोखंडाचं रान उभं. परत रस्ता हवा असेल तर रूळ उपसून काढायचे. म्हणजे ती भिंत नव्हती, दार होतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे हेजहॉग. मूळ चेकोस्लोव्हाकियाचा. जर्मनीच्या धास्तीने त्यांनी १९३० च्या दशकात सीमेवर हे बसवले होते. लोखंडाचे तीन जाड तुकडे मधोमध एकमेकांना काटकोनात जोडायचे. माळरानावर अनवाणी चाललेल्या कुणालाही हा आकार ओळखीचा वाटेल. सराटा! सराट्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर असतोच. जुन्या लढायांत घोड्या-हत्तींच्या वाटेवर लोखंडी गोखरू टाकत, तेही याच तत्त्वावर. हेजहॉग म्हणजे कमरेएवढा लोखंडी सराटा. ढकला, लोळवा, सुरुंगाने उडवा, तो पुन्हा तसाच उभा.

त्याची खरी करामत उंचीत आहे. १९४१ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत सेनाधिकारी मिखाइल गोरिक्केर यांनी कीवमध्ये यावर काम केलं. सामान्यपणे वाटतं, अडथळा जितका उंच आणि जमिनीत जितका घट्ट पुरलेला तितका चांगला. त्यांनी उलट केलं. हेजहॉग जमिनीवर मोकळा ठेवायचा. उंची अशी, की रणगाड्याच्या पोटाखालच्या जागेपेक्षा जास्त, पण नाकाडापेक्षा कमी. चालकाला वाटतं, जाईल यावरून. तो दामटतो, हेजहॉग लोळत पोटाखाली जातो आणि रणगाडा वर उचलला जाऊन अधांतरी अडकतो. उंच गतिरोधकावर भरलेल्या मोटारीचं पोट टेकतं तेव्हा काय होतं ते आठवा, चाकं फिरतात पण गाडी हलत नाही. त्यातून रणगाड्याचं कवच पुढून जाड आणि पोटाला पातळ. तेच पोट आता उघडं पडलेलं असतं.

पुढे मॉस्कोच्या वेशीवर असे हजारो हेजहॉग उभे राहिले आणि लाखो मॉस्कोवासीयांनी खंदक खणले. त्यांत फार मोठी संख्या बायकांची होती. पुरुष आघाडीवर होते. थंडी पडू लागलेली, जमीन गोठत चाललेली, हातात फावडी. मॉस्कोहून लेनिनग्राडकडे जाणाऱ्या महामार्गावर खिमकीजवळ तीन महाकाय हेजहॉगचं स्मारक १९६६ मध्ये उभारलं गेलं. माझ्या मते ते लोखंडाचं नव्हे, त्या हातांचं स्मारक आहे.

बुलडोझरने बाजूला सारता नाही का येणार?

येतो की! कुणी गोळी झाडत नसेल तर अर्ध्या तासात येतो. साखळी बांधून ओढा, सुरुंग लावा, वरून मातीचा भराव टाका. म्हणूनच ज्यावर कुणाची नजर नाही, तो अडथळा सैन्याच्या हिशेबात अडथळाच नसतो.

रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन प्रचंड बुरुजांच्या कवेत तो लपवलेला आहे. वाट वळत येते, त्यामुळे हत्तीला धडक मारायला पळायची जागाच मिळत नाही, आणि दारापाशी थबकलेल्या शत्रूवर दोन्ही बुरुजांवरून मारा होतो. दाराचं काम शत्रूला त्या जागी उभं करण्याचं. पुढचं काम बुरुजांचं. १९४० च्या इंग्लंडमध्ये पुलावरचे रूळ हे दार होतं आणि पलीकडचा पिलबॉक्स हा बुरूज. अडथळा नेहमी अशा जागी टाकत, जिथे बाजूने वळसा घालायला वाव नाही. पुलाच्या तोंडाशी, रेल्वेखालच्या बोगद्यात, दोन घरांमधल्या अरुंद गल्लीत. काही ठिकाणी कडेच्या टेकाडात पेट्रोल आणि तेलाच्या मिश्रणाने भरलेली १८० लिटरची पिंपं पुरून ठेवली होती. गाड्या थांबल्या की पिंप उडवून सबंध रस्ता पेटवायचा.

आणि बंदूक धरून उभं कोण राहणार? १४ मे १९४० च्या रात्री ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना आवाहन केलं आणि चोवीस तासांत अडीच लाखांच्या आसपास लोकांनी नावं दिली. हेच पुढचे 'होम गार्ड'. दिवसा दुकान, कारखाना, शेत, आणि रात्री नाका. सुरुवातीला अनेकांकडे शिकारीच्या बंदुका होत्या, काहींकडे तेवढंही नव्हतं. समोरून रणगाडे आले असते तर या लोकांनी किती वेळ तग धरला असता? फार नाही, त्यांनाही ते ठाऊक होतं. त्यांच्याकडून अपेक्षा होती ती तास-दोन तासांची. तेवढ्यात मागची फौज हलेल, तोफा वळतील, विमानं उडतील.

आपलीच माणसं अडकली तर?

ही भीती खरी ठरली. जुलै १९४० मध्ये आयर्नसाइड यांच्या जागी जनरल ॲलन ब्रुक आले. त्यांचा कल चपळ फौजेकडे होता. जागोजागी सैन्य विखरून बसवलं आणि रस्तेही अडवून ठेवले तर शत्रू उतरेल त्या ठिकाणी आपली तुकडी पोहोचणार कशी, हा त्यांचा सवाल. मला तो बिनतोड वाटतो. अडथळ्यांच्या उभारणीला त्यांनी लगाम घातला आणि जोर फिरत्या फौजेवर दिला.

सामान्य माणसाने मोजलेली किंमत वेगळीच. रात्री सक्तीचा अंधार. त्या अंधारात नाक्यावर घाबरलेला, नवखा, बंदूकधारी माणूस. जून १९४० मध्ये हाक न ऐकता पुढे गेलेल्या मोटारींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि निरपराध नागरिक मारले गेले. रस्त्यांवरचे दिशादर्शक फलक आणि स्थानकांच्या पाट्या शत्रूला वाट सापडू नये म्हणून काढून टाकल्या होत्या, त्यामुळे आपलेच लोक वाट चुकत. फ्रान्ससारखी गर्दी होऊ नये म्हणून सरकारने पत्रकं वाटून सांगितलं की शत्रू आला तरी घर सोडू नका, जिथे आहात तिथेच थांबा. रस्ता सैन्यासाठी मोकळा राहावा म्हणून एखाद्या आईला "लेकरं घेऊन घरातच बस" असं सांगणं, हे नकाशावर जितकं सोपं दिसतं तितकं सोपं नसतं.

शत्रू आलाच नाही, मग ते सगळं वाया गेलं?

१७ सप्टेंबर १९४० रोजी हिटलरने स्वारी बेमुदत पुढे ढकलली. ती लंडनभोवतीच्या खंदकांमुळे नव्हे. ब्रिटिश हवाई दल मोडता आलं नाही आणि समुद्रावर ब्रिटिश नौदल शाबूत होतं, म्हणून. अडथळ्यांना याचं श्रेय देणं खोटं ठरेल.

आलाच नाही अशा शत्रूसाठी खणलेल्या खंदकाची एक गोष्ट थेट आपल्याशी जोडलेली आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालमध्ये शिरली. कोलकात्यात घबराट उडाली आणि शहराभोवती खंदक खणायला सुरुवात झाली. नाव पडलं 'मराठा डिच'. बेत सात मैलांचा होता, तीनेक मैल खणून झाल्यावर काम थांबलं, कारण मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. १७५६ मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला आला, तेव्हा त्या अर्धवट खंदकाने त्याला अडवलं नाही आणि शहर पडलं. पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. अर्धं कडं म्हणजे एकच भिंत असलेली खोली. पण बंगालच्या गावागावांत त्या स्वाऱ्यांची दहशत इतकी खोल गेली की बाळांना झोपवायच्या गाण्यात आजही 'बर्गी', म्हणजे ते मराठा घोडेस्वार, येतात. ही आठवण आपण मराठी माणसांनीही ठेवायला हवी. त्या खंदकाच्या आतली माणसं आपल्याला घाबरलेली होती.

१९४० चं लंडन आणि १७४२ चं कोलकाता यांत फरक आहे. लंडनच्या अडथळ्यांनी लढाई जिंकली नाही, पण उन्हाळ्याच्या त्या काही आठवड्यांत हत्यारं गमावलेल्या देशाला हाताला काम दिलं, आणि हल्ला झालाच असता तर काही तास दिले असते.

जिथे शत्रू खरंच आला : कीव, २०२२

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि त्यांतला एक मोठा ओघ उत्तरेकडून कीववर निघाला. युक्रेनच्या सरकारी रस्ते विभागाने लोकांना दिशादर्शक फलक काढून टाकायचं आवाहन केलं. ब्रिटनने केलेलीच गोष्ट, ८२ वर्षांनी. गॅरेजांमध्ये, कारखान्यांमध्ये वेल्डर रात्रंदिवस रूळ कापून हेजहॉग जोडत होते. ज्या शहरात गोरिक्केर यांनी १९४१ मध्ये त्याची उंची ठरवली, त्याच शहराच्या चौकांत ते पुन्हा उभे राहिले.

सगळ्यात मोठा अडथळा मात्र पाण्याचा होता. कीवच्या पश्चिमेला इर्पिन नावाची छोटी नदी आहे. सोव्हिएत काळात तिच्या तोंडाशी कोझारोविची गावाजवळ बांध घालून, पंपांनी पाणी उपसून, तिच्या पूरक्षेत्रात शेती उभी केली होती. युक्रेनने तो बांध फोडला. कीव जलाशयाचं पाणी उलटं नदीच्या खोऱ्यात शिरलं आणि शेतांचा दलदलीचा तलाव झाला. पूल आधीच उडवले होते. गोठलेली जमीन उन्हाने सैल होऊन बाकीची शेतं चिखलाची झाली होती, त्यामुळे गाड्यांना डांबर सोडता येईना. उपग्रहाच्या छायाचित्रांत ६४ किलोमीटर लांबीचा रशियन ताफा रस्त्यावर रांगेत अडकलेला जगाने पाहिला. इंधनाची टंचाई, बिघाड, छापे अशी कारणं अनेक होती, पण पुढची वाट बंद असणं हे त्यांतलं मोठं. एप्रिलच्या सुरुवातीला रशियन फौजा कीव प्रदेशातून निघून गेल्या.

याचा दुसरा भाग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या पाण्यात डेमीदिव्ह गाव बुडालं. पुढे कित्येक महिने लोक तळघरांतलं पाणी उपसत होते. राजधानी वाचली म्हणून चालेल, असं म्हणणारेही त्या गावात होते, पण चुलीपर्यंत आलेलं पाणी त्यांच्याच घरातलं होतं. आणि इर्पिन शहराबाहेरचा पूल उडवल्यावर पळून जाणाऱ्या हजारो लोकांना तीच नदी तुटलेल्या पुलाखालून, टाकलेल्या फळ्यांवरून, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन ओलांडावी लागली. ६ मार्चला तिथून निघालेल्या वाटेवर तोफगोळा पडून एक आई, तिची दोन मुलं आणि त्यांना मदत करणारा तरुण स्वयंसेवक यांचा जीव गेला. शत्रूसाठी बंद केलेला रस्ता आपल्या माणसांसाठीही अरुंद होतो. ज्या देशांनी आता सीमेवर ठोकळे रचलेत, त्यांनी माणसं बाहेर काढायच्या वाटाही तितक्याच काळजीने आखायला हव्यात.

ड्रोनच्या काळात याचा उपयोग काय?

उलट वाढलाय. ड्रोनला सगळ्यात सोपं लक्ष्य कोणतं? थांबलेली गाडी. हेजहॉगपाशी थबकलेला ट्रक पूर्वी पिलबॉक्समधल्या माणसाला दिसायचा, आता काही किलोमीटर दूर बसलेल्या ड्रोनचालकाला दिसतो. नजर ठेवणारा बदलला, थांबवायची गरज तशीच आहे. म्हणून पोलंड आणि बाल्टिक देशांतले ते ठोकळे रस्त्यावर नाहीत, कडेला आहेत. शांततेत वाहतूक चालू राहावी आणि वेळ आलीच तर थोड्या तासांत रस्ता बंद व्हावा, हीच त्या झाकणवाल्या खोबण्यांची जुनी कल्पना.

भाच्याला हे सगळं लांबलचक लिहून पाठवलं आणि शेवटी एक काम सांगितलं. पुढच्या रविवारी त्या खोलीत वाकून जा, फटीला डोळा लाव आणि काय दिसतं ते कळव. त्याने आतूनच फोटो काढून पाठवला. काळ्या काँक्रीटची चौकट, तिच्यात कालव्याची एक पट्टी, आणि बरोब्बर मधोमध कालव्यावरचा छोटा पूल. पुलावर एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती.